जुन्या बाजारांतील पेढी

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यांत ईस्ट ब्रन्सविक नांवाचें एक गांव आहे. १९८२ सालीं त्या गांवाजवळून जाणाऱ्या १८ क्रमांकाच्या हमरस्त्यालगत एक छपराखालचा बाजार भरत असे. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्याचें स्वरूप निराळें समजावून सांगावयास नको. स्वस्त, सटरफटर, जुन्यानव्या मालाचे गाळे, आणि घासाघीस करीत हिंडणारीं माणसें. त्यांतल्याच एका गाळ्यावर ‘रॉक अँड रोल हेवन’, म्हणजे रॉक संगीताचा स्वर्ग, अशी पाटी होती. हा स्वर्ग जॉन झझूला या गृहस्थांनीं व त्यांच्या पत्नी मार्शाबाई यांनीं मांडला होता. जॉन पूर्वी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील व्यवहारांत होते. तें काम सुटलें, पदरीं एक लहान मुलगी, आणि जवळ भांडवल म्हणण्यासारखें कांहीं नाहीं, अशा स्थितींत या दांपत्यानें आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका विकावयास घेतल्या. पुढें जगभर गाजलेल्या एका पेढीचा आरंभ या गाळ्यांत झाला. त्या पेढीचें नांव ‘मेगाफोर्स’, आणि तिचा माल ‘हेवी मेटल’ संगीत.

हेवी मेटल म्हणजे जड धातु. हें नांव या संगीतास कोणीं व कसें दिलें याविषयीं पुष्कळ तर्क आहेत. परंतु त्याच्या जन्माशीं धातूचा एक संबंध मात्र अगदीं शब्दशः खरा आहे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. तेथील यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबावयाचा त्याचा हात उजवा. गिटार वाजविणाऱ्याला याहून मोठा घाला तो कोणता? पण त्यानें प्लास्टिकची एक बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें बनविलीं, त्यांवर चामडें चढविलें, आणि दुखऱ्या बोटांना दाबतां याव्यात म्हणून हलक्या तारा बसविल्या. पुढें त्यानें त्या सैल सोडून खालच्या स्वरांत लावल्या. सैल तारेचा नाद खर्जांतला, जड व गडद होतो. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० च्या फेब्रुवारींत निघाली, आणि तो जड नाद ही एका संबंध संगीतप्रकाराची ओळख होऊन बसली.

यमनाच्या आलापीवर ज्यांचे कान पोसले गेले आहेत त्यांना पहिल्या ऐकण्यांत हा केवळ गोंगाट वाटणें साहजिक आहे. आणि पन्नासाव्या ऐकण्यांतहि तो गोंगाटच वाटला तरी त्यांत त्यांचा दोष नाहीं. विजेच्या जोरानें मुद्दाम फाटका केलेला गिटारीचा आवाज, ढोलांचा भडिमार, आणि गायकाचा घसा खरवडून निघणारा सूर, असा हा मामला आहे. तथापि गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत ढोलताशांचें पथक ऐन भरांत आलें असतां कानांवर हात न ठेवतां जे उलट दोन पावलें पुढें सरकतात, त्यांना या संगीताच्या चाहत्यांची मनःस्थिति कळावयास अडचण पडूं नये. त्या ठोक्याचा ठाव कानाहून छातींत अधिक असतो.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत या संगीताची एक नवी लाट उठली. तिचें वैशिष्ट्य असें कीं ती मोठ्या कंपन्यांच्या दिवाणखान्यांतून आली नाहीं. ‘आयर्न मेडन’ या लंडनच्या बँडनें १९७९ सालीं स्वतःच्या गाण्यांच्या ५,००० तबकड्या काढून टपालानें विकल्या. उत्तरेस न्यूकॅसलजवळ वॉल्सएंड हें जहाजें बांधणाऱ्यांचें गांव; तेथील ‘नीट रेकॉर्ड्स’ या लहानशा पेढीनें ‘रेव्हन’ व ‘व्हेनम’ या बँडांच्या ध्वनिमुद्रिका १९८१ सालीं बाजारांत आणल्या. अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांना यांत स्वारस्य नव्हतें. परंतु समुद्रापलीकडून येणारा हाच माल झझूला दांपत्य आपल्या गाळ्यावर ठेवी. जॉन तो नुसता ठेवीत नसत, तर मोठ्यानें वाजवून दाखवीत, येणाऱ्या मुलाला हाताशीं धरून त्याचे गुण वर्णन करीत, आणि एक तबकडी घ्यावयास आलेल्याच्या गळ्यांत तीन बांधीत. गाळ्याभोंवतीं लांब केसांच्या पोरांचा अड्डा जमूं लागला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील ‘अँथ्रॅक्स’ नांवाच्या नवख्या बँडमधलीं मुलें त्या अड्ड्यांत असत, आणि आपलें गाणें ऐकाच म्हणून जॉन यांच्या मागें लागत.

या संगीताच्या प्रसाराचें खरें वाहन त्या काळीं तबकडी नव्हतें, तें कॅसेट होतें. नभोवाणी त्याला वारा लागूं देत नव्हती, वृत्तपत्रें त्याची दखल घेत नव्हतीं. मग चाहते काय करीत? कोणा बँडनें आपल्या सरावाच्या जागीं चारदोन गाणीं मुद्रित केलीं कीं तिच्या प्रती एकमेकांना टपालानें पाठवीत. सॅन फ्रान्सिस्कोचा मुलगा न्यू जर्सीच्या मुलाला, तो हॉलंडच्या मुलाला, अशी ती फीत हिंडे. प्रतीवरून प्रत काढतांना दर वेळीं खरखर वाढे व गाणें थोडें पुसट होई. एखाद्या पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकूंच्या परंपरेंत जसे अपपाठ शिरतात तसाच हा प्रकार; फरक इतकाच कीं येथें पोथी पोंचावयास एक पिढी लागत नसे, एक आठवडा पुरे होई.

अशीच एक फीत १९८२ च्या उत्तरार्धांत एका गिऱ्हाइकानें झझूलांच्या गाळ्यावर आणली. तीवर कॅलिफोर्नियांतील एका बँडचीं सात गाणीं होतीं. बँडचें नांव ‘मेटॅलिका’. इंग्लंडच्या नव्या लाटेचा दणका त्यांत होता. परंतु गति तिच्या दीडपट, आणि गिटारीच्या हाताची सफाई अशी कीं त्या गतींतहि प्रत्येक घाव सुटा ऐकूं यावा. जॉन झझूला यांनीं ती ऐकतांच या पोरांना शोधून काढण्याचा निश्चय केला.

हीं पोरें कोण होतीं? लार्स उलरिक हा डेन्मार्कचा मुलगा. बाप टेनिसपटु, आणि मुलानेंहि तेंच व्हावें म्हणून कुटुंब अमेरिकेंत आलेलें. पण मुलाचें चित्त रॅकेटवरून उडून ढोलांवर बसलें. १९८१ सालीं त्यानें लॉस एंजेलिसच्या एका जाहिरातपत्रांत सोबती हवे असल्याची जाहिरात दिली आणि तींतून त्याला जेम्स हेटफील्ड हा गिटारवादक व गायक लाभला. त्याच शहरांत ब्रायन स्लेगेल नांवाचा, ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांत नोकरी करणारा एक तरुण स्थानिक बँडांचीं गाणीं एकत्र करून एक तबकडी काढण्याच्या खटपटींत होता. १९८२ च्या जूनमध्यें ती ‘मेटल मॅसकर’ या नांवानें निघाली, आणि स्लेगेलच्या ‘मेटल ब्लेड’ या पेढीचा जन्म झाला. त्या तबकडीवर मेटॅलिकाचें एक गाणें आहे; मात्र वेष्टनावर बँडच्या नांवांत एक अक्षर जास्त पडलें आहे. पुढें हीं पोरें क्लिफ बर्टन या अव्वल दर्जाच्या बेस गिटारवादकाच्या लोभानें लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत राहावयास गेलीं. कारण तो आपलें गांव सोडून यावयास तयार नव्हता. एका माणसासाठीं सगळ्या बँडनें बिऱ्हाड हलवावें, यांत त्यांच्या पुढच्या यशाचें थोडेंसें रहस्य दिसतें.

झझूलांनीं त्यांना १,५०० डॉलर पाठविले व पूर्वेस येण्यास सांगितलें. गाळ्याच्या उत्पन्नावर जगणाऱ्या कुटुंबास ही रक्कम लहान नव्हती. १९८३ च्या वसंतांत तीं पोरें भाड्याच्या ट्रकमध्यें वाद्यें व अंथरुणें टाकून सुमारें ३,००० मैलांचा प्रवास करून न्यू जर्सींत येऊन थडकलीं. त्यांची सोय करावयाची कोठें? प्रथम झझूलांच्या राहत्या घरांत. लहान मुलीचें घर, आणि त्यांत हे धिंगाणेखोर पाहुणे. मार्शाबाईंनीं त्यांना काय करून वाढलें असेल व काय काय सोसलें असेल याची कल्पना कोणत्याहि गृहिणीस करतां येईल. पुढें बँडचा मुक्काम क्वीन्समधील एका इमारतींत हलला. तेथें अनेक बँड सरावासाठीं खोल्या घेत. अँथ्रॅक्सचीहि खोली तेथेंच होती. मेटॅलिकाचीं पोरें तेथें जमिनीवर निजत. अँथ्रॅक्सच्या मुलांनीं त्यांना एक फ्रिज व अन्न गरम करण्याची लहानशी भट्टी आणून दिली. पुढें हे दोन्ही बँड जगप्रसिद्ध झाले, पण त्यांच्या मैत्रीचा पाया या भट्टीवर घातला गेला.

याच सुमारास एक कठोर गोष्ट घडली. बँडचा दुसरा गिटारवादक डेव्ह मस्टेन हा वादनांत कोणासहि हार जाणारा नव्हता, परंतु दारूच्या अमलाखालीं तो अनावर होई. त्याला काढून टाकावें असें बाकीच्यांनीं ठरविलें. ११ एप्रिल १९८३ च्या सकाळीं त्याला झोपेंतून उठवून हा निर्णय सांगण्यांत आला, आणि त्याच्या हातीं बसचें तिकीट देण्यांत आलें. कॅलिफोर्नियापर्यंत चार दिवसांचा प्रवास. नव्या ध्वनिमुद्रिकेंतील चार गाण्यांच्या रचनेंत त्याचा हात होता. तीं त्याच्याशिवाय मुद्रित झालीं व आजहि तीवर रचनाकार म्हणून त्याचें नांव आहे. त्याच्या जागीं ‘एक्झोडस’ या बँडमधून कर्क हॅमेट याला विमानानें आणण्यांत आलें. बसमधून निघालेल्या माणसानें पुढें ‘मेगाडेथ’ या नांवाचा स्वतःचा बँड काढला, आणि त्यानेंहि जगभर नांव मिळविलें. परंतु त्या सकाळची जखम त्यानें अनेक वर्षें उघडपणें बोलून दाखविली आहे. अशा प्रसंगीं न्याय कोणाच्या बाजूस होता हें सांगणें कठीण. चौघांचा संसार टिकवावयाचा तर एकास दूर केलेंच पाहिजे, हा युक्तिवाद समजतो. पण चार दिवसांच्या बसच्या प्रवासाची शिक्षा मात्र त्यांत बसत नाहीं.

बँड आला, गाणीं तयार झालीं. आतां तीं छापणार कोण? झझूलांचा पेढी काढण्याचा मूळचा विचार नव्हता. त्यांनीं ती फीत घेऊन प्रस्थापित कंपन्यांचे उंबरे झिजविले आणि सगळीकडे नकार घेतला. तेव्हां निरुपायानें या नवराबायकोनें स्वतःचीच पेढी उभी केली. बाजारांतल्या गाळ्याचें उत्पन्न, उसनवारी, आणि राहतें घर पणास लावण्याची तयारी, हें तिचें भांडवल. १९८३ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागांतील रॉचेस्टर येथें मुद्रण झालें. खर्च सुमारें १५,००० डॉलर झाला. मोठ्या कंपनीच्या हिशेबीं हा आंकडा नगण्य होता. झझूलांच्या घरांत तो छातीवर धोंडा होऊन बसला.

पहिलें मिश्रण तयार होऊन आलें तें जॉन झझूला यांना पसंत पडलें नाहीं. ढोल फार पुढें आले आहेत, गिटारी मागें पडल्या आहेत, असा त्यांचा आक्षेप. आणि त्यांनीं तें नव्यानें करावयास लावलें. जो माणूस ध्वनिमुद्रणाचें शास्त्र शिकलेला नाहीं, ज्याची सर्व विद्या गाळ्यावर तबकड्या वाजवून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्याची, त्यानें सांगितलेली दुरुस्ती अचूक ठरली. ती ध्वनिमुद्रिका आज ऐकली तरी तिचा सारा जोर गिटारींत आहे हें ध्यानांत येतें.

नांवाचाहि घोळ झाला. मुलांनीं ठरविलेलें नांव सभ्य घरांत उच्चारण्यासारखें नव्हतें, आणि वितरकांनीं तें स्वीकारण्यास साफ नकार दिला. तेव्हां वैतागून क्लिफ बर्टन यानें ‘साऱ्यांना मारून टाका’ अशा अर्थाचे जे उद्गार काढले त्यांचेंच नांव झालें. ‘किल एम ऑल’ ही मेगाफोर्सची ध्वनिमुद्रिका २५ जुलै १९८३ रोजीं बाजारांत आली.

लहान पेढीच्या व्यवहाराची गोष्ट येथें थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून पुढची हकीगत समजणार नाहीं. तबकड्या छापणारा कारखाना आपले पैसे आधीं मागतो. वेष्टन छापणाराहि तेंच करतो. माल तयार झाला म्हणजे तो वितरकाकडे उधारीवर जातो, वितरक तो दुकानदारास उधारीवर देतो, दुकानदार विकेल तें विकतो व उरेल तें परत करतो. आणि या सांखळींतून पैसा उलट वाट काढीत पेढीच्या हातीं पडावयास कित्येक महिने जातात. आतां माल खपला नाहीं तर पेढी बुडते, हें उघड आहे. पण माल खपला तर? तर दुसरी आवृत्ति ताबडतोब काढावी लागते, आणि पहिलीचे पैसे तोंवर आलेले नसतात. म्हणजे जितकी मागणी अधिक तितकें कर्ज अधिक. दिवाळींत फटाक्यांचें दुकान उधारीवर मांडणाऱ्याला ही कुचंबणा ठाऊक असते. मात्र त्याची दिवाळी चार दिवसांत संपते. पुष्कळशा लहान पेढ्या अपयशानें मरत नाहींत, त्या पहिल्या मोठ्या यशानें मरतात.

झझूलांचें यश याच जातीचें होतें. त्यांनीं इंग्लंडहून ‘रेव्हन’ला आणवून मेटॅलिकाच्या जोडीनें १९८३ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेचा दौरा काढला. दौऱ्याला नांव दिलें तें दोन्ही ध्वनिमुद्रिकांचीं नांवें जोडून. गाडी दमछाक झालेली, उकाडा असह्य, कांहीं गांवीं श्रोते मोजकेच; परंतु जेथें जेथें हा काफिला गेला तेथें तेथें मागणी मागें राहिली. १९८४ च्या जानेवारींत अँथ्रॅक्सची पहिली ध्वनिमुद्रिका ‘फिस्टफुल ऑफ मेटल’ मेगाफोर्सनें काढली. गाळ्यावर हट्ट धरून बसणाऱ्या मुलांचा हट्ट पुरा झाला. कॅनडाचा ‘एक्सायटर’ हाहि बँड त्यांच्या यादींत आला. आणि मेटॅलिका दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठीं डेन्मार्कला, कोपनहेगन येथें गेला.

तेथें पेढीची पुंजी संपली. ‘राइड द लाइटनिंग’ या ध्वनिमुद्रिकेचें काम लांबलें, खर्च वाढला, आणि तो पुरा करणें मेगाफोर्सच्या शक्तीबाहेरचें ठरलें. शेवटीं मुद्रणाचे पैसे बँडच्या युरोपांतील ‘म्युझिक फॉर नेशन्स’ या दुसऱ्या लहान पेढीनें भरले. २७ जुलै १९८४ रोजीं ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. पहिलींत नुसता आवेश होता. हींत आवेशाला विचार मिळाला होता. मंद लयींतलें, मृत्यूच्या छायेंतलें एक गाणें हींत आहे, आणि त्यावरून कांहीं चाहते बँडवर रुसले. परंतु वाढणाऱ्या मुलाला जुने कपडे पुरत नाहींत, आणि वाढणाऱ्या बँडला जुनी पेढीहि पुरत नाहीं, हें झझूलांना ध्वनिमुद्रिका ऐकतांना कळलें असेल तर तें हिशेबाच्या वहीनें कळण्याच्या आधींच कळलें असावें.

३ ऑगस्ट १९८४ रोजीं न्यूयॉर्कच्या रोझलँड या नृत्यगृहांत झझूलांनीं आपले तिन्ही शिलेदार एकाच रात्रीं उभे केले: अँथ्रॅक्स, मेटॅलिका आणि रेव्हन. मोठ्या कंपन्यांचीं माणसें पाहावयास यावींत हाच हेतु होता, आणि तीं आलीं. ‘इलेक्ट्रा’ या मातबर कंपनीचा मायकेल अलागो हा तरुण प्रतिनिधि रंगमंचामागें जाऊन मेटॅलिकाला भेटला, आणि थोड्याच दिवसांत करार झाला. रेव्हनला ‘अटलांटिक’नें घेतलें. अँथ्रॅक्स पुढें ‘आयलंड’कडे गेला. मेटॅलिकानें केवळ पेढी बदलली नाहीं. आपल्या व्यवस्थापनाचें कामहि झझूलांकडून काढून एका बड्या व्यवस्थापक संस्थेकडे दिलें. नोव्हेंबर १९८४ मध्यें ‘राइड द लाइटनिंग’ इलेक्ट्राच्या शिक्क्यानें पुन्हां बाजारांत आली.

अठरा महिन्यांपूर्वी ज्यांना घरांत जागा दिली, ज्यांच्यासाठीं घर पणास लावलें, तीं पोरें गेलीं. याला कृतघ्नता म्हणावें काय? तसें म्हणणें सोपें आहे, परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. ज्या पेढीला मुद्रणगृहाचें बिल भागवितां आलें नाहीं ती त्या बँडला जगभर नेऊं शकली नसती, आणि बँड थांबला असता तर पेढीसकट बुडाला असता. पण तोट्याचा हा भाग हिशेबांत बसत असला तरी मनांत बसतो असें नव्हे. मोठी कंपनी बहुधा पिकलेलें फळ विकत घेते; बी रुजेल कीं नाहीं याची धास्ती घेऊन रात्री काढणारा दुसराच कोणी असतो, आणि बाजारभावांत त्या रात्रींची किंमत कोठेंहि धरलेली नसते.

झझूला मात्र या अनुभवानें शहाणे झाले. बँड हातचा जाऊं द्यावयाचा नसेल तर मोठ्या कंपनीलाच भागीदार करून घ्यावें, हा मार्ग त्यांनीं पत्करला. अटलांटिकशीं त्यांनीं संबंध जोडला. न्यू जर्सीच्या ‘ओव्हरकिल’ची पहिली ध्वनिमुद्रिका ‘फील द फायर’ १९८५ सालीं एकट्या मेगाफोर्सची होती. १९८७ सालच्या दुसरीवर दोन्ही कंपन्यांचे शिक्के आले. त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोकडील ‘टेस्टामेंट’ची ‘द लेगसी’ निघाली, आणि १९८८ सालीं टेक्ससचा ‘किंग्ज एक्स’ हा अगदीं निराळ्या धाटणीचा, सुरेल गळ्यांचा बँड त्यांनीं पुढें आणला. यादींत एकसुरीपणा नव्हता, हें झझूलांच्या कानाला भूषणावह आहे. पश्चिमेकडे ब्रायन स्लेगेललाहि हाच धडा मिळाला: त्यानें पुढें आणलेला ‘स्लेयर’ हा बँड १९८६ पर्यंत ‘डेफ जॅम’ या दुसऱ्या पेढीकडे गेला. स्लेगेलनें मात्र आपली पेढी स्वतंत्रच ठेवली.

मेटॅलिकाचें पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. १९८६ च्या सप्टेंबरांत स्वीडनमध्यें बस उलटून क्लिफ बर्टन चोवीस वर्षांच्या वयांत मरण पावला. तरीहि बँड उभा राहिला. १९९१ सालीं निघालेली त्याची काळ्या वेष्टनाची ध्वनिमुद्रिका कोट्यवधि घरांत पोंचली. रॉचेस्टरला १५,००० डॉलरांत झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या खपास १९९९ सालीं एकट्या अमेरिकेंत ३० लाखांचा दाखला मिळाला. ३० ऑक्टोबर २०११ रोजीं या बँडचा कार्यक्रम बंगळूर येथें झाला, तेव्हां तेथें जमलेल्या हजारों तरुणांना सर्व गाणीं तोंडपाठ होतीं.

१६ जून २०१० रोजीं पोलंडच्या वॉर्सा शहरांत मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ व अँथ्रॅक्स हे चार बँड प्रथमच एका रंगमंचावर आले. या चौघांना त्या संगीताचे चार मुख्य स्तंभ मानतात. चारांपैकीं दोघांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका मेगाफोर्सनें काढलेल्या, तिसरा त्या एप्रिलच्या सकाळीं बसमध्यें बसविलेल्या माणसाचा, आणि चौथा स्लेगेलच्या हाताखालून आलेला. एवढा मोठा वृक्ष, आणि त्याचीं मुळें पाहावीं तर एका जुन्या बाजारांतल्या गाळ्यांत व एका दुकानांतल्या नोकराच्या खटपटींत.

मार्शा झझूला १० जानेवारी २०२१ रोजीं निवर्तल्या. जॉन झझूला त्यानंतर वर्षभरानें, १ फेब्रुवारी २०२२ रोजीं गेले. त्याच वर्षीं ६ नोव्हेंबरला फ्लॉरिडांतील हॉलिवूड या गांवीं मेटॅलिकानें या दोघांच्या स्मरणार्थ एक कार्यक्रम केला. पन्नास-साठ हजारांच्या मैदानांत वाजविण्याची संवय असलेल्या बँडनें त्या रात्रीं एक बंदिस्त सभागृह घेतलें, आणि आपल्या आधीं वाजविण्यास बोलावलें तें रेव्हनला. चाळीस वर्षांचा गाण्यांचा सांठा हाताशीं असतां त्यांनीं त्यांतील बहुतेक बाजूस ठेवला. त्या रात्रीं वाजलीं तीं बहुतेक गाणीं पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांवरचीं होतीं, म्हणजे ज्या दोहोंवर मेगाफोर्सचा शिक्का प्रथम उमटला होता त्यांवरचीं.